भूल कुणाची?

गिरणीचा भोंगा बंद पडून आता कैक वर्षं झाली, पण त्या एका मंगळवारचा भोंगा माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. हे प्रकरण मात्र कलमासकट आणि पंचनाम्यासकट आठवतं, कारण यात मी एका माणसाला एका शब्दावरून पाच दिवस कोठडीत बसवलं होतं. नावं कुणाचीच देत नाही. त्यातले काही गेले, काहींची नातवंडं याच शहरात आहेत.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. कोल्हापुरातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. नोकरीला सहा वर्षं झाली होती आणि आपल्याला माणूस बघताक्षणी कळतो असा माझा समज होता. त्या काळी मनगटावर घड्याळ असलेली माणसं थोडी, आणि सगळ्या भागाला भोंगा एक. संध्याकाळी पाचचा भोंगा झाला की बायका चुलीला लागायच्या, म्हशी धारेला यायच्या. आमच्या ठाण्यातलं भिंतीवरचं घड्याळ रोज दहाएक मिनिटं मागं पडायचं. ठाणे अंमलदार म्हणून बसणारे वयस्कर हवालदार रोज पाचच्या भोंग्याला खुर्चीवर चढून काटा पुढं करायचे. त्या बुधवारी सकाळी मात्र घड्याळ चांगलं पाव तास मागं होतं. मी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. "काल ऱ्हाऊन गेलं, साहेब," एवढंच ते खाली मान घालून म्हणाले. मला राग नाकावर घेऊन फिरायची सवय होती. हे घड्याळ वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नव्हतं.

आदल्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, सरकारी दवाखान्यातून वर्दी आली. शिरोलीच्या एका फौंड्रीत साचे करणारा तिशीतला कामगार मयत अवस्थेत आणला होता. दवाखान्याच्या रजिस्टरला वेळ होती सव्वापाच. मी पोचलो तेव्हा व्हरांड्यात आरडाओरडा चालला होता. मयताचा थोरला भाऊ एका पन्नाशीच्या माणसाच्या गळपट्टीला धरून ओरडत होता, "ह्यानंच मारलं माझ्या धाकल्याला! ह्यानंच सुई भरली, मी बघितलंया!" तो पन्नाशीचा माणूस एका खासगी डॉक्टरांचा कंपाउंडर. त्यानंच टांग्यात घालून पेशंटला आणलं होतं. मार खात होता, पण हात वर करत नव्हता.

मयताच्या मांडीच्या मुळाशी मोसंबीएवढं गळू झालं होतं. ते फोडून घ्यायला चारच्या सुमारास दोघे भाऊ त्या खासगी दवाखान्यात गेले. धाकट्याला पडद्याआड टेबलावर घेतलं, थोरला बाहेर बाकड्यावर बसला; औषधाच्या कपाटापाशी सुई भरणारा कंपाउंडर तेवढा त्याला तिथून दिसत होता. चीर देण्याआधी जागा बधिर करतात, ती सुई दिली. थोड्या वेळानं पेशंटला आकडी आली, आणि तो परत शुद्धीवर आलाच नाही. अकस्मात मृत्यूची नोंद केली, इन्क्वेस्ट केला, प्रेत शवविच्छेदनाला दिलं आणि त्या खासगी डॉक्टरांच्या दवाखान्याच्या पंचनाम्याला निघालो.

डॉक्टर त्या भागातलं वजनदार नाव. माझ्या स्वतःच्या आईला टायफॉइडमधून त्यांनीच उठवलं होतं, हेही सांगून टाकतो. ते शांतपणे म्हणाले, "पेशंट मी पाहिला. म्हटलं, व्हिजिटवरून येतो, मग फोडू. साडेचारला मागच्या दारानं स्कूटर काढली. पाचचा भोंगा ऐकला तेव्हा मी अमुक यजमानांच्या सोप्यात चहा घेत होतो. विचारा त्यांना." विचारलं. पाच वाजता डॉक्टर त्यांच्याकडे चहा घेत होते, हे शंभर टक्के खरं निघालं.

दवाखान्यासमोरच्या पानपट्टीवाल्यानं मला बाजूला घेऊन खबर दिली. "साहेब, डाक्टर नसला की कंपाउंडरच सुया मारतोय. समद्या गल्लीला म्हाईत हाय." ही खबर अर्धी खरी होती. ताकदीच्या सुया तो मारायचा. पण अर्धी खरी खबर पूर्ण खोटीपेक्षा वाईट, कारण ती तपासली की खरी ठरते.

बुधवारी सकाळी थोरल्या भावाचा जबाब घेतला. फौंड्रीच्या ठोकाठोकीनं त्याचे कान बसले होते, त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागे. तो म्हणाला, "भोंगा झाला तवा धाकला जिता व्हता, साहेब. बोलत व्हता. मग झटकं आलं. अर्धा तास झटकं देत व्हता." भोंगा पाचला, सरकारी दवाखान्याच्या रजिस्टरला सव्वापाच. मध्ये अर्धा तास बसत नव्हता. मी मनात म्हटलं, दुःखात माणसाला पाच मिनिटंही अर्धा तास वाटतात, आणि पुढं गेलो. मला हवं ते मिळालं होतं. भोंग्याला पेशंट बोलत होता, भोंग्याला डॉक्टर चहा पीत होते, म्हणजे सुई भोंग्यानंतरची आणि ती कुणी दिली हे उघड होतं.

कंपाउंडरला समोर बसवला. गडहिंग्लजच्या पलीकडचा, सीमेवरचा माणूस. घरात कानडी, बाहेर मोजकी मराठी, दर वाक्याला कानडी आदराचं 'री'. त्याला मी हात लावला नाही. लावायची गरजच पडली नाही.

"आत कोण होतं?"

"मी व्हतो, री."

"सुई कुणी भरली?"

"मीच भरली."

"मग भूल कुणाची?"

त्यानं डोळे पुसले. "भूल माझी, साहेब. भूल कवाबी माझीच. टोचणं..."

"बास," म्हणून मी हात वर केला. रायटरनं लिहून घेतलं. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा होत नाही, हे मला माहीत होतं, पण माझ्या मनात तरी खटला संपला. डिग्री नसताना सुई दिली म्हणून मी साधं निष्काळजीपणाचं कलम लावलं नाही, सदोष मनुष्यवधाचं लावलं. जामीन नाही. मॅजिस्ट्रेटनं पोलीस कोठडी दिली, आणि गल्लीतल्या लोकांनी त्याच्या दारावर दगड मारले.

त्याची बायको रोज दुपारी भाकरी घेऊन यायची. तीन दिवस ती भाकरी ठेवून तशीच गेली. चौथ्या दिवशी टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, ह्यांनी केलं तरी काय?"

"बाई, तुमच्या नवऱ्यानंच सांगितलंय. भूल माझी म्हणाला."

"व्हय की," ती म्हणाली. "भूल ह्यांचीच असती की. रोजच."

"रोज?"

"इस वरसं झाली. धा गळवं आली तर धाची भूल ह्यांची, टोचणं डाक्टरचं. हे बाटलीतनं भरून हातात देणार, डाक्टर टोचणार. घरला आलं की सांगत्यात, आज सा भुली झाल्या, आज चारच झाल्या. तुमास्नी ठावं न्हाई व्हय?"

मला ठावं नव्हतं. भूल म्हणजे चूक, आणि भूल म्हणजे बधिर करायचं औषधही, हे मराठी सातवी पास झालेल्या कुणालाही माहीत असतं. पण फौजदाराच्या खुर्चीत बसलं की एकच अर्थ ऐकू येतो. 'टोचणं' या शब्दावर मी त्याला थांबवलं होतं. पुढचे दोन शब्द ऐकून घेतले असते तर ते 'डाक्टरचं हाय' असे निघाले असते. मी तिला बसायला खुर्ची दिली. माझा चेहरा तिला कसा दिसला असेल देव जाणे.

तरी डॉक्टर पाच वाजता चहा पीत होते, हे राहतच होतं. नवऱ्याच्या बाजूनं बायको बोलणारच. आमचे पोलीस निरीक्षक कागदाचे फार भुकेले. ते म्हणाले, "सगळी केस भोंग्यावर उभी करताय, मग भोंगा पाचलाच होतो याचा गिरणीकडून दाखला कुठाय? आणा." मी कुरकुरत गेलो. सूर्य पूर्वेला उगवतो याचा दाखला आणायला निघाल्यासारखं मला वाटत होतं.

गिरणीच्या टाइम ऑफिसातल्या कारकुनानं रजिस्टर उघडलं, तारीख बघितली आणि मान हलवली.

"मंगळवारी? मंगळवारी बॉयलर थंड व्हता, साहेब. वर्साची तपासणी. वाफच न्हाई तर भोंगा कुठला?"

"अहो, लोकांनी ऐकलाय."

"लोकांचं काय सांगताय! मला दुसऱ्या दिवशी चौघांनी इचारलं, काल भोंगा बारीक झाला काय म्हणून. झालाच न्हाई तर बारीक कसला हो?"

मला ते घड्याळ आठवलं. हवालदार काटा सारायला विसरले नव्हते, भोंगाच झाला नव्हता. आणि त्यांना स्वतःलाही आपण विसरलो असंच वाटलं होतं. एवढंच काय, मंगळवारच्या स्टेशन डायरीत 'पाचच्या भोंग्यानंतर वर्दी मिळाली' असं मी माझ्या हातानं लिहिलं होतं. रोज होतो तो आवाज माणूस ऐकत नाही, धरून चालतो.

तिथून तडक थोरल्या भावाकडे गेलो. "भोंगा तू स्वतः ऐकलास?" मी ओरडून विचारलं.

"मला कुठलं ऐकू येतंय, साहेब? धाकलाच आतनं वरडला. दादा, भोंगा झाला काय गा, लई मोठ्यानं वाजतोय आज. म्हटलं, झाला असंल."

"त्याआधी काही म्हणाला?"

"जीभ जड झालीया म्हनून असाच वरडला. आनि तोंडात बिडाची चव येतीया म्हटला. आता फौंड्रीतल्या मानसाच्या तोंडात बिडाचीच चव असनार, म्हनून मी काय मनावर घेतलं न्हाई." बीड म्हणजे ओतकामाचं लोखंड.

शवविच्छेदन केलेले सरकारी सर्जन तिरसट म्हणून प्रसिद्ध. व्हिसेराचा अहवाल यायला महिने लागतात, उगाच हेलपाटे घालू नका, असं ते मला आधीच म्हणाले होते. या खेपेला मी फक्त भावाचे शब्द वाचून दाखवले. जीभ जड, तोंडात लोखंडाची चव, मग भोंगा. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"याच क्रमानं म्हणाला?"

"याच क्रमानं."

"फौजदार, तो भोंगा गिरणीचा नव्हता. त्याच्या कानातला होता." मग त्यांनी मला समोर बसवून शिकवलं, ते असं. हे औषध नसेवर, म्हणजे मज्जातंतूवर, बसतं आणि दुखण्याची बातमी पुढं मेंदूकडे जाऊ देत नाही. टोचल्या जागी राहिलं तोवर त्याच्यासारखं गुणी औषध नाही. पण जास्त झालं आणि रक्तात उतरलं की ते मेंदूवरच बसतं. आधी जीभ आणि ओठ जड होतात, तोंडात धातूची चव येते, मग कान वाजायला लागतात. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला घंटा. "कान वाजतात म्हणाला की डॉक्टरनं सुई खाली ठेवायची. ती शेवटची सूचना असते. पुढं आकडी, आणि मग श्वास बंद."

"पण एका सुईनं एवढं?"

"एका नाही. गळू होतं ना? पू झालेलं मांस आंबट असतं. आंबट जागी हे औषध नसेत शिरतच नाही. पेशंट ओरडतो, डॉक्टरला वाटतं भूल लागली नाही, म्हणून तो आणखी टोचतो. आणि गळवाच्या कडेचं मांस असतं लालभडक, रक्तानं भरलेलं. जेवढं टोचाल तेवढं नस सोडून रक्तात जातं. बाटली किती टक्क्यांची होती?"

पंचनाम्यात मी लिहिलं होतं, 'औषधाच्या काचेच्या बाटल्या दोन, पैकी एक रिकामी.' लेबल वाचायची तसदी घेतली नव्हती. पंचांसमोर मुद्देमालाचं सील उघडलं. लिग्नोकेन दोन टक्के, त्यातलं एका पिचकारीपुरतं कमी. लिग्नोकेन चार टक्के, बाटली कोरडी ठणठणीत. सर्जननी ती दुसरी उजेडात धरली.

"ही घशात फवारायची, नळी घालायच्या आधी. टोचायची नव्हे. दुप्पट कडक आहे. पन्नास किलोचा माणूस, दोन टक्क्यांच्या पहिल्या पिचकारीतच त्याचा वाटा संपला होता. वर ही!"

कंपाउंडरला कोठडीतून बाहेर काढून माझ्या खोलीत बसवला. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला 'तुम्ही' म्हटलं. घशाची बाटली कुणी सांगितली, एवढंच विचारलं. त्यानं सगळं सांगितलं.

"पैली भूल दोन टक्क्याची. लागली न्हाई. त्यो वरडाय लागला. डाक्टर म्हटले, कडक भर. मी म्हटलं, डाक्टर, ही घशाची हाय री. ते म्हटले, भर म्हंतो न्हवं? भरली. पुन्यांदा म्हटले, पुन्यांदा भरली. मग त्येला झटकं आलं. डाक्टर म्हटले, धरून बस, मी मोठ्या डाक्टरास्नी घेऊन आलोच. मी वाट बघत बसलो, साहेब. आलंच न्हाईत. मग टांगा आनला."

थोरल्याचा अर्धा तास अगदी बरोबर होता. "हे आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुमी इचारलंसा कुठं? भूल कुनाची म्हटलासा. ती माझीच."

डॉक्टरांना ठाण्यात बोलावलं. ते आले, खुर्चीत बसले, माझ्या आईची चौकशी केली. मी त्यांचा पहिला जबाब पुढं ठेवला.

"भोंगा ऐकल्याचं तुम्ही म्हणालात."

"ऐकला. यजमानही सांगतील."

"मंगळवारी भोंगा झाला नाही. हा गिरणीचा दाखला. त्या दिवशी भोंगा एकाच माणसाला ऐकू आला, आणि तो तुमच्या टेबलावर पडला होता. तुम्हाला तो ऐकू आला असेल, तर त्याच्याच तोंडून."

हे काही कोर्टात टिकणारं नव्हतं. नुसतं सवयीनं तोंडात आलं, असं म्हणून ते सुटू शकले असते. अर्ध्या शहराच्या तोंडात तेच आलं होतं. पण ते तसं म्हणाले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला आणि ते एकदम उसळून बोलले, "मी कशाला त्याच्या तोंडून ऐकतोय? मी तर त्याला म्हटलं, कसला भोंगा, अजून साडेचारसुद्धा नाही झाले, गप पडून राहा!"

खोलीत रायटरची लेखणी थांबली. डॉक्टरांनाही आपण काय बोललो ते कळलं. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

आजही मला तेच वाक्य सगळ्यात जास्त छळतं. गल्लीतले सगळे न झालेला भोंगा झाला असं धरून चालले, मीही. भोंगा झालेला नाही हे त्या वेळी ठामपणे माहीत असलेला माणूस गिरणीबाहेर एकच होता. हा म्हणतो भोंगा वाजतोय, वाजत तर नाही, मग याला ऐकू काय येतंय, एवढा एकच प्रश्न त्यांच्या मनात यायला हवा होता. त्यांनी पेशंटला गप्प केलं, आणि मी कंपाउंडरला.

कंपाउंडरला कलम एकशे एकोणसत्तरखाली सोडायचा अहवाल दिला आणि साक्षीदार केलं. डॉक्टरांवर निष्काळजीपणाचं साधं कलम लागलं, त्याच संध्याकाळी जामीन झाला. कायद्यानं ते बरोबरच होतं. पण त्याच मृत्यूसाठी कंपाउंडरला मी बिनजामिनाचं कलम लावायला पाच मिनिटंसुद्धा घेतली नव्हती, याची लाज मला तेव्हाही वाटली आणि आजही वाटते. पुढं खटल्यात थोरल्या भावानं आणि कंपाउंडरनं, दोघांनीही साक्ष दिली. डॉक्टरांना शिक्षा झाली. माझ्या आईनं मला वर्षभर त्यावरून बोल लावला. ते असो.

त्यानंतर कुणाचाही जबाब घेताना मी एक नियम पाळला. माणूस बोलत असताना हात वर करायचा नाही, आणि त्याचा शब्द त्याच्याच तोंडून उलगडून घ्यायचा. हाताखालच्या पोरांना मी हे शिकवलं. किती जणांनी घेतलं ते ठाऊक नाही.

पण खरा धडा त्याला सोडलं त्या दुपारचा. त्याची बायको रिकामा डबा घेऊन पायरीवर थांबली होती. तो चपला घालत होता. मी बाहेर आलो. फौजदारानं आरोपीची माफी मागायची रीत आमच्यात नाही. तरी म्हटलं, "कंपाउंडर, भूल माझी झाली."

त्यानं चपलेत पाय तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं.

"न्हाई, री," तो म्हणाला. "भूल माझीच. घशाची हाय ठावं असून मीच भरली व्हती."

या खेपेला त्याचा अर्थ मला विचारावा लागला नाही.